अक्कांची वांगी आणि माझी यादी

माझ्या फडताळात लाल बांधणीच्या लांबट वह्यांची एक चळत आहे. एक वही एका सालाची. आत फक्त कामे लिहिलेली आहेत: कोणत्या तिथीला कोणाच्या बागेत काय करायचे. दसरा झाला की गुलाबांची छाटणी, दिवाळीच्या आत शेवंतीला आधाराच्या काड्या, तुळशीच्या लग्नानंतर फुलकोबीची पाने वर बांधून गड्डा झाकणे. धार आणि देवास या दोन गावांत मिळून अठरा घरच्या बागा मी सांभाळत असे, आणि अठराही घरांत मला मागून 'यादीराव' म्हणत. समोरून म्हणत नसत, एवढी अदब होती. आमच्या घरातल्या मंडळींनी ती कधी पाळली नाही.

संपादकांनी 'अनुभव लिहा' म्हटल्यावर काय काय लिहावे याची मी अर्थातच यादी केली. बावीस कलमे झाली. वाचून पाहिली तेव्हा त्यातली एकवीस कलमे म्हणजे मी किती हुशारीने काम केले याच्या हकिगती निघाल्या. त्यातली एक सांगण्याचा मोह आवरत नाही, ती सांगतो. बाकीचा लेख बाविसाव्या कलमाबद्दल आहे.

आधी धंदा काय होता ते सांगायला हवे. माझे आजोबा दरबारच्या चाकरीत धारला आले ते घोडेस्वार म्हणून, वडील पागेत दाणावैरण बघत, आणि मी एका पेन्शनर इंजिनियरसाहेबांच्या बंगल्यावर फुलझाडे शिकलो. नवे शतक लागून चारपाच वर्षे झाली होती. नोकरदार मंडळींना त्या काळी घरापुढे गुलाबाचे आळे आणि मागे भाजीचे परसू असावे असे वाटू लागले होते, पण ठेवणार कोण? माळी मिळत, परंतु आठ दिवस काम करून पंधरा दिवस गावी जात. मी घरोघरच्या बागांची जबाबदारी घेऊ लागलो. माळी मी पाठवायचे, बी-रोपे मी आणायची, देखरेख माझी. महिन्यातले पंधरा दिवस धार, पंधरा दिवस देवास. मध्ये टांग्याची हाडे खिळखिळी करणारी मजल.

आता ती मोहाची हकीकत. देवास म्हणजे एका गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडचे घर एका राज्यात तर पलीकडचे दुसऱ्यात. अशाच समोरासमोरच्या दोन घरांत दोन सख्खे भाऊ राहत. थोरले बंधू धाकट्या पातीत नोकरीला, धाकटे बंधू थोरल्या पातीत. दोघांच्याही अंगणात शेवंतीच्या चाळीस चाळीस कुंड्या, दोन्हीकडे माझेच माळी. एका साली थोरल्यांची शेवंती आठ दिवस आधी फुलली. धाकट्यांनी मला बोलावून घेतले.

"यादीत काय फितुरी चाललीय?" त्यांनी विचारले. "तिकडं आधी खत पडतं काय?"

खत एकाच दिवशी पडत होते. थोरल्यांच्या अंगणाला पश्चिमेकडून उंच भिंत होती, तिकडे सावली लवकर पडे, आणि शेवंती दिवस लहान झाल्यावर फुलते. एवढाच प्रकार होता. पण भावाच्या भिंतीने भावाचा पराभव केला हे ऐकायला कोणीच तयार नसते. पुढच्या साली दोघेही कचेरीत गेलेले पाहून मी दर आठवड्याला दोन्हीकडच्या कुंड्यांची अदलाबदल करू लागलो. दोन्ही अंगणे एकाच दिवशी फुलली. दोघे भाऊ आपापल्या ओट्यावर उभे राहून आपल्या म्हणून ज्या फुलांकडे अभिमानाने बघत, त्यातली निम्मी समोरच्याची होती. मी कधी बोललो नाही. आज दोघेही नाहीत, म्हणून लिहितो.

झाले. आता खरी गोष्ट.

पुण्यामुंबईच्या वाचकांना माळव्याची थंडी सांगून पटत नाही. तिकडचे पाहुणे मार्गशीर्षात एक उपरणे घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी यजमानाची रजई मागतात. उत्तरेचा वारा सुटला की दोन दिवसांत हवा अशी उतरते की सकाळी विहिरीचे पाणी हाताला ऊन लागते. वारा वाहतो आहे तोवर झाडांना भीती नाही. भीती वारा थांबल्यावर. आभाळ निरभ्र आणि वारा बंद असला की पहाटे दंव पानावरच गोठते. इकडे त्याला पाला पडणे म्हणतात. पाला पडलेली बाग सूर्य वर येईपर्यंत फार सुंदर दिसते, पानापानावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. ऊन आले की तीच पाने उकडलेल्या भाजीसारखी माना टाकतात आणि दुपारपर्यंत काळी होतात. गुलाब, शेवंती, कोबी, मुळा हे सोसतात. वांगे, मिरची, घेवडा, केळ एका पहाटेत संपतात.

उपाय अवघड नाहीत. वाफ्याला पाणी भरून ठेवायचे, कारण ओली माती ऊब धरते. तुरीच्या काट्या आणि गवत यांच्या ताट्या करून झाडांवर घालायच्या. ओल्या गवताचा धूर करायचा. मात्र हे सगळे आदल्या संध्याकाळी करायचे असते. दुसऱ्या सकाळी सुचलेल्या उपायाला या धंद्यात किंमत नाही.

देवासला टेकडीच्या बाजूला आबासाहेब आणि अक्का राहत. आबासाहेब दरबारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलणे मोजके, आणि दिवसातून तीनदा पंचांग उघडणारे. अक्का त्यांच्या पत्नी. वय साठीला आलेले, गुडघे दुखरे, पण परसात सकाळी सर्वांआधी. त्यांच्या घरी खंडोबाचा कुळाचार होता. चातुर्मासात वांगे खायचे नाही आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगा देवाला दाखवून मग खायचे, हे आपल्यात पुष्कळ घरी आहे. या घरचा नेम त्यापुढे होता. भरीत घरच्या वाफ्यातल्या वांग्याचेच, आणि तेही पहिल्या फळाचे. म्हणून अक्का रोपे मुद्दाम उशिरा लावत, फळ षष्ठीच्या सुमारास धरावे अशा बेताने.

वांगेही वेगळे होते. लहान, गोल, जांभळ्यावर पांढरे फराटे आणि देठाला काटे. माळव्यातले वांगे लांब, काळसर आणि बिनकाट्याचे. अक्कांच्या घराण्यात ते बी दक्षिणेतून आलेले आणि सासूकडून सुनेकडे जात आलेले. "सासूबाईंनी माझ्या हाती दिलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते," अक्का सांगत. "दागिने नंतर दिले." हे बी राखेत घालून तांब्याच्या लोटीत ठेवत आणि लोटी देवघरात.

मी त्यांची बाग घेतली त्याला दोन वर्षे झाली होती. आधी अक्का थंडी वाढली असे वाटले की रोज संध्याकाळी एकेका झाडावर वेताची टोपली पालथी घालत आणि सकाळी उचलत. तीस झाडे, तीस टोपल्या, दुखरे गुडघे. मी म्हटले, हे कशाला? मी दोन हिवाळे नोंद ठेवली होती. दोन्ही साली पाला मार्गशीर्ष वद्यात पडला, म्हणजे चंपाषष्ठी होऊन गेल्यावर. तेव्हा यादीत लिहिले: 'मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, ताट्या घालणे.' आणखीही एक ओळ होती: 'जुने बी ठेवू नये, उगवत नाही.' ती वाचून अक्कांनी पेरून उरलेले बी त्या वर्षी टाकून दिले. हे दोन्ही सल्ले वाचायला किती नीटनेटके वाटतात.

तिसऱ्या हिवाळ्यात मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेला संध्याकाळी मी अक्कांकडे गेलो. भेराजी गुलाबांना खत देऊन हात धूत होता. भेराजी हा माझा देवासचा माळी, मूळचा पीपलरावां गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. नाल्याकडेला त्याची स्वतःची छोटी भाजीची वाडी होती. लिहायला-वाचायला येत नसे आणि माझी वही तो नेहमी जरा लांबूनच बघे, जशी लोक दुसऱ्याच्या कुत्र्याकडे बघतात.

वांग्याच्या झाडांना फळे धरली होती. तीन दिवसांत भरतील अशी. अक्कांनी त्यातल्या दोन उत्तम फळांच्या देठांना बियाण्यासाठी तांबडा दोरा बांधला होता. दोरा बांधलेले फळ तोडायचे नाही, ते झाडावरच पिवळे होऊ द्यायचे.

"दत्तोबा, आज झाकून घ्यायची का हो?" अक्का म्हणाल्या. "माझे गुडघे सकाळपासून सांगतायत."

मी हसून म्हणालो, "अक्का, गुडघ्यांना तिथी कळत नाही. दोन सालं लिहून ठेवलंय मी. पाला वद्यात येतो, आज शुद्ध तृतीया."

"टोपल्या तरी घालू?"

"टोपलीखाली फळ भरत नाही. तीन दिवसांवर षष्ठी आली. दोन दिवस मोकळं ऊन खाऊ द्या त्यांना."

भेराजी धोतराला हात पुसत आला आणि घरांच्या छपरांकडे बोट दाखवून म्हणाला, "भिया, धुवो देखो. बैठी गयो है."

मी पाहिले. चुली पेटल्या होत्या. एरवी धूर सरळ वर जातो नाहीतर वाऱ्याने पांगतो. तो त्या दिवशी वरही जात नव्हता आणि पांगतही नव्हता. छपरांवर पांघरूण पसरावे तसा पडून राहिला होता. वारा पूर्ण थांबला होता. पश्चिमेला तृतीयेची कोर इतकी स्वच्छ होती की टोचेल असे वाटे.

"आज पालो पडेगो," भेराजी म्हणाला.

"वहीत बघ," मी म्हणालो. त्याला वाचता येत नाही हे मला माहीत होते, तरी म्हणालो.

"पालो थारी बही बाँची ने नी आवे, भिया."

पाला तुझी वही वाचून येत नाही. एवढी माळवी मला चांगली कळते. पण त्या दिवशी मला ते उर्मट वाटले. ताट्या तयार होत्या. त्या वीस पावलांवर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन माणसांचे तासाभराचे काम. मी वही मिटली आणि भेराजीला घरी जायला सांगितले. अक्कांनी हातात घेतलेल्या टोपल्या पुन्हा ओट्यावर ठेवल्या आणि 'तुम्ही म्हणता तसं' म्हणून आत गेल्या. चाळीसहून अधिक वर्षे ज्या बाईने आपल्या अंगाच्या कळांवरून ती झाडे राखली, ती माझ्या वहीवर विश्वास ठेवून त्या संध्याकाळी आत गेली. हे वाक्य मी कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भेराजी माझ्या बिऱ्हाडाच्या दारात होता. अंगाला धुराचा वास. रात्री त्याने स्वतःच्या वाडीत ओले गवत पेटवून धूर केला होता.

"चाल, भिया. हाल सूरज नी निकल्यो." ऊन पडायच्या आत पोचायचे होते.

'मी म्हटलं होतं' असे तो म्हणाला नाही. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का वाफ्यापाशी उभ्या होत्या. सगळा वाफा पांढरा होता. पाने ताठ, कडांना बर्फाची बारीक झालर. त्या रडत नव्हत्या. एका हातात टोपली धरून नुसत्या उभ्या होत्या.

"धूप मती लागने दो!" भेराजी ओरडला आणि विहिरीकडे धावला.

त्याचे कारण सांगतो. गोठलेले पान सावकाश सुटले तर कधी कधी जगते. त्यावर एकदम ऊन पडले तर फुटते. म्हणून ऊन येण्याआधी विहिरीचे पाणी शिंपडायचे आणि पूर्वेकडून आडोसा धरायचा. भेराजी आणि मी घागरी आणत होतो, अक्का हाताने शिंपडत होत्या. आडोशाला काही नव्हते. ताट्या खूप होत्या, पण त्या आडव्या घालायच्या बेताच्या, उभ्या धरायला बुटक्या. इतक्यात आबासाहेब कानटोपी घालून बाहेर आले. त्यांनी एकदा वाफ्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिले, आत गेले आणि घरात कार्याला घालतात ती मोठी जाजम ओढत आणली.

"हं. कुठं धरू?"

चाळीस वर्षे नुसती सही करणारे ते हात. त्यांनी जाजमेचे एक टोक डोक्यावर धरले, दुसरे मी. टेकडीवरून ऊन आले. आम्ही दोघे भिंतीसारखे उभे राहिलो. रस्त्याने जाणारा दूधवाला थांबून बघू लागला तेव्हा आबासाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "दत्तोबा, टोक खाली येतंय तुमचं."

जाजम तरी किती पुरणार? ऊन बाजूने आले. दुपारी बाराला भेराजीने एकेक झाड हाताने तपासले. सत्तावीस झाडे गेली. दोरा बांधलेली दोन्ही फळे त्यात होती. कापून पाहिली तर आत पाणी झालेले आणि बी पांढरे, कच्चे. पूर्वेच्या भिंतीलगतची तीन झाडे मात्र जगली, कारण तिथे ऊन उशिरा येते. दोन झाडांवर काही नव्हते; तिन्हींचे शेंडे करपलेले, पुन्हा फूल येण्याची आशा नव्हती. तिसऱ्यावर पानाखाली एक वांगे होते. मुठीएवढे, टवटवीत.

आम्ही चौघे ओट्यावर बसलो. आबासाहेबांनी सवयीने पंचांग उघडले आणि थोड्या वेळाने विचारले, "दत्तोबा, तुमच्या वहीत यंदा श्रावण किती?"

"एक," मी म्हणालो आणि म्हणतानाच माझी चूक मला कळली.

त्या साली श्रावण दोन होते. अधिक महिना आला होता. हे मला माहीत नव्हते असे नाही. उपास-तापासाचे दिवस घरी आम्हीही पाळले होते. पण अधिक महिन्यात नवे काही आरंभायचे नसते म्हणून वहीत मी ती पाने कोरी सोडली आणि पुढच्या श्रावणापासून यादी जशीच्या तशी चालू केली. आपले महिने चंद्राचे. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण उशिरा येतात. चंपाषष्ठी उशिरा आली, तिच्याबरोबर माझी यादीही उशिरा सरकली. पाला सूर्याचा नोकर, तो आपल्या वेळेला आला. ज्या दोन सालांच्या नोंदीवर मी एवढा भरवसा ठेवला त्या दोन्ही सालांत अधिक महिना नव्हता. देवाच्या आणि झाडांच्या तारखा मी एकाच ओळीत लिहिल्या होत्या.

आबासाहेबांनी पंचांग मिटले. "असो. एक आहे ना? एका वांग्याचं भरीत होतं. देवापुरतं झालं. या घरात देवापुढं बाहेरचं वांगं गेलेलं नाही."

"आणि बी?" अक्कांनी विचारले.

भेराजी त्या दोन कापलेल्या फळांकडे बघू लागला.

"गेल्या सालचं उरलेलं दत्तोबांनी टाकायला सांगितलं होतं," अक्का म्हणाल्या. त्या तक्रार करत नव्हत्या. जे घडले ते सांगत होत्या. म्हणूनच ते जास्त लागले.

मी म्हणालो, "अक्का, मी पुण्याकडून बी मागवतो. गोल, काटेरी, हुबेहूब असंच मिळेल."

"मिळेल हो. चांगलंच असेल. पण ते सासूबाईंच्या हातचं नसेल."

त्या संध्याकाळी त्या एका झाडावर टोपली, टोपलीवर ताटी आणि ताटीवर आबासाहेबांची जुनी रजई होती. सकाळी काढायची, दिवसभर ऊन द्यायचे, पुन्हा झाकायचे. मी दोन दिवस दुसऱ्या कोणत्याही बागेत गेलो नाही. ज्यांच्या नावापुढे त्या तिथींना कामे लिहिली होती त्यांचे निरोप येत राहिले. ते वांगे रोज थोडे भरत होते आणि त्याच्याकडे बघताना मला एकच प्रश्न पडे. तोडले तर देवाचा नेम राहतो आणि बी संपते. ठेवले तर बी राहते आणि चार पिढ्यांचा नेम मोडतो. दोन्हींपैकी जे मोडेल ते माझ्या हातून मोडलेले असणार होते.

षष्ठीला सकाळी मी गेलो तेव्हा घर सारवलेले होते, देवघरात तळीची तयारी, चुलीत रोडग्यासाठी निखारे. आबासाहेब सोवळे नेसून परसाच्या दारात उभे. थोड्या वेळाने भेराजी आला. डोक्यावर टोपली, टोपलीत त्याच्या वाडीतली वांगी, लांब, काळसर, तुकतुकीत. घरच्यांना खायला म्हणून आणली होती. देवाचे वेगळे आहे हे त्यालाही ठाऊक होते.

अक्का वाफ्यात गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या. पान बाजूला केले. आम्हाला वाटले आता तोडणार. त्यांनी कमरेचा तांबडा दोरा काढला आणि त्या वांग्याच्या देठाला बांधला. दोन गाठी मारल्या.

"अगं!" आबासाहेब म्हणाले.

अक्का उठल्या आणि भेराजीला म्हणाल्या, "आण इकडे, भेराजी, थारा बैंगण."

"देवाला? बाहेरच्या वाडीतलं?" आबासाहेबांनी विचारले.

"बाहेरचं कसलं?" अक्का म्हणाल्या. "देव आपल्याबरोबर दक्षिणेतून इकडं आला त्याला शंभरावर वर्षं झाली. इथलं पाणी पितो. बाजरी चांगली मिळत नाही म्हणून आपण ज्वारीचा रोडगा करतो, तो खातो. कधी उपाशी उठलाय का? आज माळव्याचं वांगं खाईल. बी गेलं तर पुढच्या साली त्याच्यापुढं काय ठेवू, ही रिकामी टोपली?"

आबासाहेबांनी आत चुलीकडे वळून पाहिले. मग म्हणाले, "ज्वारीचं माझ्या ध्यानात नव्हतं." आणि आत वळताना, "तळी भरायला घ्या."

भेराजी टोपली धरून तसाच उभा होता. "माजी, म्हारा बैंगण भगवान खायगा?"

"खायगा. तू भी खाई ने जा," अक्का म्हणाल्या.

येळकोट झाला. भरीत आम्ही सगळ्यांनी खाल्ले. खरे सांगायचे तर थोडे पाणचट होते. अक्कांनी लसूण सढळ हाताने घातली होती.

ते एक वांगे पौष गेला, माघ आला, तरी झाडावर होते. हळदीसारखे पिवळे झाले, मग तपकिरी. अक्कांनी ते कापले त्या दिवशी मला आणि भेराजीला बोलावले. बी धुतले, सावलीत वाळवले, राखेत मळले आणि तीन लोट्यांत भरले. एक देवघरात ठेवली. एक भेराजीला दिली. तिसरी माझ्यापुढे केली. मी घेईना.

"घ्या," त्या म्हणाल्या. "चार पिढ्या आम्ही हे एकाच घरात ठेवलं. जपलं असं म्हणत होतो. एका पहाटेत जाणार होतं. तुमच्या वहीत लिहा, तिघांकडे आहे म्हणून."

"अक्का, वहीवर अजून विश्वास आहे?"

"वहीनं काय केलंय? बाहेर बघून लिहीत जा, एवढंच."

त्यानंतर वर्षानुवर्षे मी देवासला गेलो की हिवाळ्यात पहिली फेरी अक्कांकडे. भेराजीच्या वाडीत काटेरी गोल वांगी वाढू लागली आणि बाजारात लोक ती 'माजीवाले', म्हणजे अक्कांची, म्हणून मागू लागले. एका पावसाळ्यात अक्कांचा वाफा पाणी तुंबून कुजला, तेव्हा बी भेराजीकडून परत त्यांच्या देवघरात गेले. चंपाषष्ठीला त्यांच्या घरी दोन भरिते होऊ लागली, एक घरच्या वांग्याचे आणि एक भेराजीच्या लांब वांग्याचे. दुसऱ्याला लसूण जास्त.

आता मी धारलाच असतो. बागा कमी केल्या आहेत, टांग्याची मजल झेपत नाही. माझ्या परसात एक वाफा आहे, पूर्वेच्या भिंतीलगत. वही अजून दर साली नवी होते आणि कामांपुढे तिथ्या असतात. सण तिथीने, छाटणी तिथीने. फक्त मार्गशीर्षात एक ओळ दर वर्षी मी जशीच्या तशी उतरवतो आणि तिच्यापुढे तिथीची जागा कोरी असते. ओळ अशी आहे: 'ताट्या घालणे. संध्याकाळी बाहेर जाऊन धूर पाहणे. भेराजीला विचारणे. अक्कांना विचारणे.'

भेराजी आता आपल्या गावी असतो. कोणी देवासकडून आले की त्याच्याबरोबर भेराजीला निरोप पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत पाला पडून गेलेला असतो. अक्का जाऊन सात वर्षे झाली. पण ती ओळ मी खोडलेली नाही. हिवाळ्यात दिवस मावळला की ओट्यावर येऊन छपरांवरचा धूर बघतो, गुडघ्यावर हात ठेवतो, आणि बहुतेक वेळा वही न उघडताच झाडे झाकायला जातो.